कमलाबाई सोहोनी आणि रेणूंचे शास्त्र

व्याख्यानासाठी मुरूडला येताना रेवदंडा मागे पडला, साळावची खाडी ओलांडली आणि काशीदचा किनारा दिसू लागला, की पुढे नारळी-पोफळीच्या वाड्यांतून रस्ता गावात शिरतो. काल रात्री याच वाड्यांपैकी एकीत आम्ही जेवावयास होतो. पानात वालाचे बिरडे होते. जेवता जेवता यजमानांनी प्रश्न टाकला : “मुलगी रेण्वीय जीवशास्त्र शिकायला विद्यापीठात जाते म्हणते. हे शास्त्र आहे तरी काय, आणि मुलीने त्यासाठी एवढे लांब जावे काय?” प्रश्न दोन होते, पण उत्तर आम्हांला एकाच चरित्रात सापडले, आणि त्या उत्तराचा एक धागा पानातल्या त्या बिरड्यापर्यंत पोचत होता. आजचा विषय आम्ही तेथूनच घेतला आहे.

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. 1933 साली मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत कमलाबाई पहिल्या आल्या आणि त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. गुण कमी पडले म्हणून नव्हे, अर्जदार स्त्री होती म्हणून! संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीनच वर्षे झाली होती. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असे मानून दुसरे कोणी गप्प बसले असते. कमलाबाई बंगलोरला गेल्या आणि त्यांनी समक्ष कारण विचारले. गांधीजींच्या सत्याग्रहाचा तो काळ. तेच शस्त्र या मुलीने शास्त्राच्या दारात उचलले.

प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावयाचे. आणि प्रयोगशाळेतील पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होऊ द्यावयाचे नाही. ही शेवटची अट किती अपमानास्पद होती ते येथे बसलेल्या भगिनींना सांगावयास नको. कमलाबाईंनी तो अपमान गिळला आणि श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दुधातील व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेर रामन यांची खात्री पटली आणि पुढे त्या संस्थेत इतर मुलींनाही वाट मिळाली. एका मुलीने सोसले त्याचा लाभ अनेकींना झाला.

तेथून त्या केंब्रिजला गेल्या. तेथे फ्रेडरिक हॉपकिन्स यांची जीवरसायनाची प्रयोगशाळा होती. बटाट्यावर काम करीत असता वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असते, असे कमलाबाईंनी दाखविले. हे लोहयुक्त असे लहानसे प्रथिन आहे. पेशी श्वसन करते तेव्हा इलेक्ट्रॉन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचविण्याचे काम ते करते. जे आपल्या रक्तामांसात चालते तेच बटाट्यातही चालते, असा याचा सोपा अर्थ. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. 1939 साली त्या पीएच. डी. होऊन परतल्या. शास्त्रविषयात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. 1953 साली वॉटसन आणि क्रिक यांनी डी. एन. ए. च्या रेणूची जिन्यासारखी पिळदार रचना उलगडली, आणि प्रथिने घडविण्याची आज्ञा पेशीत कोठे लिहिलेली असते ते कळू लागले. पुढे साठीच्या दशकात निरनिराळ्या प्राण्यांतील सायटोक्रोम सी ताडून पाहण्यात आले. माणूस आणि चिंपांझी यांच्या या प्रथिनात एकाही घटकाचा फरक नाही; माकडाच्या एका जातीशी एका घटकाचा फरक आहे; आणि नाते जसजसे दूरचे, तसतसा फरक वाढत जातो. जीवसृष्टीची कुळकथा अशी रेणूत वाचता येते. हे वाचन म्हणजेच रेण्वीय जीवशास्त्र. त्या लिखाणात फेरफार करून ते माणसाच्या उपयोगास आणणे हा जैवतंत्रज्ञानाचा एक मोठा भाग. आपल्याकडे केंद्र सरकारने 1986 साली त्याचे स्वतंत्र खाते काढले आणि पुण्यासारख्या विद्यापीठांत त्याचे पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

आणि बिरड्याचे काय? 1947 साली विवाहानंतर कमलाबाई मुंबईस आल्या. येथील विज्ञानसंस्थेत त्या जीवरसायनाच्या प्राध्यापिका झाल्या आणि पुढे तिच्या संचालिकाही. ताडाच्या नीरेतील पोषक द्रव्यांवरील त्यांच्या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पण आम्हांला विशेष वाटते ते त्यांचे कडधान्यांवरील काम. ट्रिप्सिन या आपल्या पाचक रसाला अटकाव करणारे प्रथिन त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने वालातून स्फटिकरूपात वेगळे काढले आणि 1955 साली ‘नेचर’ या विलायती नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. कच्चा वाल पचण्यास जड का, याचे एक कारण येथे आहे. नीट शिजविल्याने या प्रथिनाचा जोर मोडतो. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, मऊ शिजविणाऱ्या आपल्या आजीला ट्रिप्सिन ठाऊक नव्हते, पण अनुभव ठाऊक होता.

गोष्ट येथेच थांबत नाही. पाचक रसाला अडविणारे प्रथिन किडीच्या पोटातही तेच करते. 1987 साली इंग्लंडमधील संशोधकांनी चवळीतील अशाच प्रथिनाचे जनुक तंबाखूच्या रोपात घातले, आणि त्या रोपाने किडीला चांगला टक्कर दिला. वालाच्या दाण्यापासून जैवतंत्रज्ञानापर्यंतची वाट अशी सरळ आहे.

यजमानांच्या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले ते असे : नोकरीची हमी आम्ही देत नाही. प्रयोगशाळा धीर मागते आणि वर्षे मागते. फळ उशिरा येते, कधी येतही नाही. हे मुलीला आधी सांगावे. पण कमलाबाईंना दाराशी अडविणारी संस्था होती, घर मात्र त्यांच्या पाठीशी होते. आज विद्यापीठाचे दार उघडे आहे. ते घरानेच लावून घेऊ नये, एवढीच आमची विनंती.

यजमान काही बोलले नाहीत. मुलीने मात्र आम्हांला आणखी बिरडे वाढले.