औषधप्रतिरोधी क्षयरोग

क्षयाचे जंतू नेहमीच्या औषधांना न जुमानता वाढत राहतात ती अवस्था. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन ही दोन्ही मुख्य औषधे लागू पडेनाशी झाली की त्या क्षयाला एमडीआर म्हणतात. ‘अंगाला औषधाची सवय झाली’ असे लोक म्हणतात, पण बदल रोग्यात होत नाही, जंतूत होतो.

फुप्फुसात पोकळी पडली की तिथे कोट्यवधी जंतू नांदतात. त्यांतला साधारण दहा लाखांत एखादा आयसोनियाझिडला आणि दहा कोटींत एखादा रिफाम्पिसिनला मुळातच दाद देत नाही. एकच औषध दिले तर बाकीचे मरतात आणि त्या एखाद्याला रान मोकळे मिळते. म्हणून साध्या क्षयाला 2 महिने चार औषधे आणि पुढे 4 महिने तीन औषधे देतात. ताप-खोकला मात्र काही आठवड्यांतच उतरतो, आणि गोळ्या सुटतात त्या इथेच.

सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यात याच सहा महिन्यांत द्राक्षांचा हंगाम येऊ शकतो. भात-नागली निघाली की माणसे दिंडोरी, निफाडच्या बागांत मजुरीला जातात आणि गोळ्या देणारी ओळखीची आशाताई गावात राहते. सरकारी औषध दुसऱ्या केंद्रावरही मिळते, पण त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते.

तरी सगळा दोष रोग्याच्या माथी मारणे चूक. अनेकांना प्रतिरोधी जंतूच दुसऱ्याकडून लागतो. शिवाय चिठ्ठ्याही चुकतात. धारावीतल्या 106 खासगी डॉक्टरांनी क्षयावर 63 निरनिराळे उपचार लिहून दिल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. डिसेंबर 2011 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे चार रोगी नोंदवले. त्यांतल्या तिघांना आधी निरनिराळ्या डॉक्टरांनी एकेक औषध वाढवत नेले होते. ‘संपूर्ण प्रतिरोधी’ हे नाव सरकारला रुचले नाही आणि वाद नावावरच बराच रंगला.

बेडक्याच्या सीबीनॅट तपासणीत रिफाम्पिसिनचा प्रतिरोध सुमारे 2 तासांत कळतो. पूर्वी एमडीआरचा उपचार दीड-दोन वर्षे चाले. त्यातल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी काहींचे ऐकणे कायमचे गेले. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या 6 महिन्यांच्या उपचाराला भारतात 2024 मध्ये मंजुरी मिळाली. बेडाक्विलिनला दाद न देणारे जंतूही आता सापडू लागले आहेत.