दिव्याची धारा आणि रोपाची वाढ

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी६० या प्रक्षेपकाचा अखेरचा टप्पा ‘पोएम-४’ या नावाने पृथ्वीभोवती फिरत राहिला. त्यावरील एका बंद पेटीत चवळीचे आठ दाणे होते. चौथ्या दिवशी त्यांना कोंब फुटल्याचे बेंगळुरूस्थित इस्रोने जाहीर केले आणि लवकरच पानेही उमलली. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचा हा ‘क्रॉप्स’ प्रयोग होता. त्याच मंचावर मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. कौतुक साहजिकच कोंबांचे झाले. पण बंद पेटीत रोप वाढवायचे म्हणजे आधी दिवा हवा, आणि दिव्यामागे त्याची धारा सांभाळणारी यंत्रणा हवी.

या यंत्रणेचा प्रश्न आज जमिनीवरही उभा आहे. ऊन न पोहोचणाऱ्या सदनिकेत कोथिंबीर, मेथी किंवा मिरचीची रोपे वाढवण्यासाठी अनेक विद्यार्थी घरीच एलईडीचे दिवे जोडतात. बेंगळुरूच्या एस. पी. रोडसारख्या बाजारात एलईडी, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि ड्रायव्हर असे सारे साहित्य मिळते. दिवा निवडताना रंगाचा विचार पुष्कळ होतो, ड्रायव्हरचा मात्र शेवटी. हा क्रम का चुकतो, याचे उत्तर विजेच्या दिव्यांच्या इतिहासात सापडते.

विजेच्या उजेडावर रोपे वाढवण्याचे पहिले गाजलेले प्रयोग विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये केले आणि १८८० साली रॉयल सोसायटीपुढे मांडले. त्यांचा दिवा कार्बन-कमानीचा होता : दोन कार्बनकांड्यांमधील फटीतून विद्युतधारा वाहे आणि प्रखर ठिणगी अखंड तेवत राही. उघड्या कमानीच्या उजेडाने पाने करपतात, मध्ये काच धरली की वाचतात, हेही त्यांना आढळले. या दिव्याची आणखी एक खोड होती. धारा वाढली की कमानीचा रोध घटतो, त्यामुळे धारा आणखी वाढू पाहते. तिला बाहेरून आवर घालावाच लागे. म्हणून रस्त्यांवरील कमानदिव्यांसाठी अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी ठरावीक धारा पुरवणारे जनित्र वापरले आणि सारे दिवे एकसर जोडले. १८७९ साली क्लीव्हलंडच्या चौकात असे बारा दिवे उजळले.

त्यानंतर एडिसनचा तंतुदिवा आला आणि सारा नेम बदलला. तंतूचा रोध मुळातच मोठा असतो, त्यामुळे हा दिवा आपली धारा आपणच मर्यादित ठेवतो. त्याला ठरावीक विभवांतर द्यावे, तो आपल्यापुरते घेईल. मग हवे तितके दिवे समांतर जोडता येतात आणि एक विझला तरी बाकीचे जळत राहतात. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजकेंद्राने हीच रीत रुजवली.

म्हैसूर संस्थानात दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या काळात आखलेला शिवनसमुद्र जलविद्युत प्रकल्प १९०२ साली सुरू झाला. त्याची वीज प्रथम सुमारे १५० किलोमीटर दूर कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बेंगळुरूचे रस्ते विजेने उजळले. तेव्हापासून घरोघर पोहोचलेली वीज ठरावीक विभवांतराची आहे, आज २३० व्होल्टची. खटका दाबावा आणि दिवा लागावा, ही सवय तंतुदिव्याने लावली. ट्यूबलाइटला चोक लागतो तो याच कारणाने, की तिच्यातील वायूही कमानीसारखाच धारेला आवर घालत नाही. पण चोक पट्टीत दडलेला असे, म्हणून तो धडा विसरला गेला.

एलईडीने तो धडा पुन्हा समोर आणला. १९६२ साली निक होलोन्याक यांनी दृश्य लाल प्रकाशाचा एलईडी दाखवला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अवकाशातील शेतीसाठी लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवल्याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. निळा प्रकाश मात्र ट्यूबलाइटमधून घ्यावा लागला होता, कारण तेव्हा पुरेसा तेजस्वी निळा एलईडी नव्हता. तो १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी घडवला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना इसामु अकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह मिळाले. निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर दिला की पांढरा प्रकाश मिळतो. घरगुती रोपदिव्यांत आज बहुधा हाच पांढरा एलईडी असतो, जोडीला ६६० नॅनोमीटरचा लाल.

एलईडी हा अर्धवाहक डायोड आहे. त्याच्यावरील विभवांतर किंचित वाढले तरी धारा कैक पटींनी वाढते. शिवाय तो तापला की तीच धारा वाहण्यासाठी कमी विभवांतर पुरते, अंशामागे साधारण दोन ते चार मिलिव्होल्टनी कमी. ठरावीक विभवांतरावर थेट जोडल्यास उष्णतेने धारा वाढते आणि धारेने उष्णता. ड्रायव्हर हे चक्र तोडतो. तो धारा स्थिर ठेवतो आणि विभवांतर गरजेप्रमाणे खाली-वर होऊ देतो. घरातली वीज एडिसनच्या रीतीची आणि एलईडीची गरज ब्रशच्या रीतीची, त्यांच्यातला दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर.

निवडीचे गणितही यातूनच निघते. ७०० मिलिअँपिअरला सुमारे ३ व्होल्ट घेणारे सहा पांढरे आणि सुमारे २.२ व्होल्ट घेणारे चार लाल एलईडी एकसर जोडले, तर बेरीज २६.८ व्होल्ट होते आणि शक्ती सुमारे १९ वॅट. म्हणून ७०० मिलिअँपिअर स्थिर धारेचा आणि २४ ते ३६ व्होल्टसारख्या पल्ल्याचा ड्रायव्हर योग्य ठरतो. बेरीज पल्ल्याबाहेर गेली तर दिवा लुकलुकतो किंवा लागतच नाही. एकसर जोडणीत प्रत्येक एलईडीतून सारखीच धारा वाहते, हा तिचा मोठा गुण. हेच एलईडी दोन समांतर माळांत विभागून १४०० मिलिअँपिअरच्या ड्रायव्हरला जोडले आणि एक माळ तुटली, तर सगळी धारा दुसरीत शिरते व तिला जाळते. शिवाय दोन्ही माळांचे विभवांतर तंतोतंत जुळत नाही, तेव्हा एकीला जास्त धारा मिळते. म्हणून शक्यतो एका ड्रायव्हरला एकच माळ असावी.

प्रश्न केवळ दिवा टिकण्याचा नाही. रोपाला पाणी घालायचे असते आणि दिवा त्याच्या डोक्यावर असतो. स्वस्त ड्रायव्हरपैकी काहींचे निर्गम टोक मुख्य पुरवठ्यापासून विलग केलेले नसते. त्याच्या तारेला ओला हात लागला तर २३० व्होल्टचा धक्का बसू शकतो. म्हणून विलगीकरण असलेला ड्रायव्हर घ्यावा, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला अर्थिंग द्यावे, फ्यूज ठेवावा आणि ड्रायव्हर कुंडीच्या वर टांगण्याऐवजी बाजूला, कोरड्या जागी बसवावा. तार ड्रायव्हरकडे जाताना खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झुकावाशीच गळून पडते.

सीमेन्सने कमान आणि पान यांच्यामध्ये काच धरली, तेव्हा उजेड पुरेसा नसतो, त्याला शिस्तही लागते, हे त्याने पाहिले होते. चवळीला कोंब फोडणाऱ्या पेटीची वा घरच्या मेथीच्या कुंडीवरच्या दिव्याची गोष्ट वेगळी नाही. एलईडी निवडण्याआधी त्याची धारा कोण सांभाळणार, हे ठरवायला हवे.