जागा बदललेला चौथरा

गणिताची रीत बदलली तरी जुन्याच रीतीने उत्तर काढत बसणारा विद्यार्थी आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. त्याला आठवत नाही असे नव्हे; आठवते ते बाजूला सारणे त्याला जमत नाही. या क्षमतेला बौद्धिक लवचीकता म्हणतात. स्मृतिभ्रंशात आठवणींबरोबर हीही ढासळते. प्रयोगशाळेत तिचा शोध कसा घेतला गेला ते पाहू.

१९०६ साली आलोइस अल्झायमर यांनी ट्युबिंगेनच्या सभेत एका मृत स्त्रीच्या मेंदूचे वर्णन केले. चेतापेशींतील गुंते आणि बाहेर साचलेली पुटे सर्वांच्या लक्षात राहिली. आधारपेशींतही बदल झाल्याची त्यांची नोंद मात्र मागे पडली. १९१९ मध्ये माद्रिदच्या पिओ देल रिओ-होर्तेगा यांनी चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवून त्यांतील एक प्रकार वेगळा ओळखला. तो म्हणजे मायक्रोग्लिया. या पेशी मेंदूच्या रखवालदार आहेत. इजा झाली की त्या फांद्या आखडून घेतात, तिकडे सरकतात आणि मोडतोड गिळतात. दाह होतो तो यांच्याच हालचालीतून.

१९८१ मध्ये रिचर्ड मॉरिस यांनी एक साधी चाचणी मांडली. दूध घालून गढूळ केलेल्या पाण्याच्या हौदात, पृष्ठभागाच्या किंचित खाली एक चौथरा ठेवायचा. पोहणारा प्राणी भोवतालच्या खुणांवरून तो शोधतो. १९९५ मध्ये मानवी दोषयुक्त जनुक घातलेले, मेंदूत पुटे तयार होणारे उंदीर उपलब्ध झाले. २००० साली मॉरिस व सहकाऱ्यांनी अशा उंदरांसाठी चौथऱ्याची जागा पुन्हापुन्हा बदलली. वय आणि पुटे वाढली तशी नवी जागा शिकणे त्यांना जड गेले.

मग दाह कमी केला तर? त्याच वर्षी आयबुप्रोफेन दिलेल्या उंदरांत दाह आणि पुटे दोन्ही घटलेली आढळली. आशा वाढली. पण अमेरिकेत अडीच हजारांवर वृद्धांना दोन दाहशामक औषधे किंवा निष्क्रिय गोळ्या देऊन सुरू असलेली चाचणी २००४ मध्ये सुरक्षिततेच्या शंकेमुळे थांबवावी लागली. स्मृतिभ्रंश टळल्याचेही दिसले नाही.

असे का झाले असावे? २०१२ च्या अखेरीस मायक्रोग्लियातील ट्रेम-२ या जनुकाचे काही दुर्मीळ दोष अल्झायमरचा धोका वाढवतात असे कळले. म्हणजे रखवालदार दुबळा झाला तरी नुकसान होते. उलट, याच पेशी चेतापेशींचे जोड अकाली गिळतात, असे २०१६ मध्ये उंदरांत दिसले. दाह सरसकट दाबून भागणार नाही. कोणत्या टप्प्यावर, कोणती क्रिया, हे पाहावे लागेल.

विद्यार्थ्यांना या इतिहासातून दोन गोष्टी सांगता येतील. उंदीर म्हणजे छोटा माणूस नव्हे. तो प्रश्न नेमका करून देतो, उत्तराची हमी देत नाही. आणि घरातले आजोबा जुन्याच जागी चष्मा शोधत राहिले, तर तो हट्टच असतो असे नाही. कदाचित चौथरा हलला आहे, एवढेच.