डोळ्यांनी वाचायचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे कागद येतो: सनद, फर्मान, बखर, गॅझेटियर. कागदावर नाव नसलेला माणूस इतिहासातही नसतो, असे आपण धरून चालतो. मागावर आणि गिरणीत आयुष्य काढलेल्या मुस्लिम कष्टकऱ्यांच्या वाट्याला म्हणूनच दोन-चार ओळी येतात. ‘दृश्य संस्कृती’ ही अभ्यासशाखा पुतळा, तसबीर, दुकानाची पाटी, कापडावरची नक्षी यांनाही इतिहासाची साधने मानते. हे कोणी घडवले, कोणासाठी घडवले आणि यात काय वगळले, असे ती विचारते. युसूफ सईद यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात मक्का-मदिना आणि दर्ग्यांच्या छापील चित्रांचा असाच अभ्यास केला. अशी चित्रे छापणाऱ्यांत हिंदू प्रकाशकही होते, हे त्यातून कळते. आपल्या घरातल्या भिंतीवर किती मोठा संमिश्र इतिहास टांगलेला असतो!

सोलापुरात तर अशा साधनांची वाण नाही. १२ मे १९३० रोजी शहरात मार्शल लॉ लागला आणि राष्ट्रध्वज मिरवणाऱ्यांना शिक्षा झाल्या. कापडाच्या एका तुकड्याची ताकद इंग्रज सरकारला पुरती कळली होती. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ पत्राचे कुर्बान हुसेन फासावर गेले. आज चार हुतात्मा चौकातले पुतळे शहराला रोज दिसतात. कुर्बान हुसेन यांचे लेखन किती जणांनी वाचले असेल? बहुतेकांना ते माहीत आहेत ते त्या चौकामुळे. ते पुतळे चौघांना एकत्र उभे करतात, म्हणून मुसलमानाला या लढ्यातून वेगळे काढणे अवघड जाते.

दुसरे साधन आपल्या अंथरुणावर आहे. मोमीन आणि पद्मशाली विणकरांच्या या शहरातली चादर जॅकार्डवर विणली जाते. नक्षी आधी चौकटींच्या कागदावर उतरते, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि त्या भोकांप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात. चादरीचे नाव सर्वदूर गेले, नक्षी काढणाऱ्याचे नाव मात्र तिच्यावर कधीच नसते. जुने नक्षीकागद आणि पट्ट्या रद्दीत गेल्या, तर त्याची एकमेव सही पुसली जाईल.

मकबूल फिदा हुसेन याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचे. मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत ते पुढे गेले आणि २०११ साली लंडनमध्ये वारले. आपल्याकडे त्यांच्या चित्रांपेक्षा त्यांच्यावरचा वादच अधिक माहीत आहे. चित्र न पाहताच निकाल देणाऱ्या समाजाला पाहायला शिकवणे, हे विद्यापीठाचे काम नव्हे काय?

सोलापूरला २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. इथल्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी दूर जायला नको. एका मोहल्ल्यातल्या उर्दू-मराठी पाट्यांची छायाचित्रे घ्यावीत, एका वृद्ध नक्षीकाराची मुलाखत टिपावी, एका घरातल्या तसबिरींची नोंद करावी. प्राध्यापकांनी असे विषय मंजूर करावेत आणि आम्ही घरातल्या पेट्या त्यांच्यासाठी उघडाव्यात. मुसलमान कसा दिसतो हे आजवर सिनेमाने आणि वर्तमानपत्रांनी ठरवले. आपणच आपली चित्रे जपली नाहीत, तर उद्याच्या संशोधकाला दुसऱ्यांनी काढलेलीच मिळतील.