काळ्या मोटारीला हाताने चकाकी आणणे

काळ्या मोटारीला हाताने चकाकी आणणे म्हणजे रंगावरील बारीक ओरखडे यंत्राविना घासून कमी करणे व त्यावर मेणाचा थर देणे. आधुनिक मोटारीत रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. चकाकी असते ती या थराची. तो सपाट असल्यास प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होतो, ओरखड्यांवर मात्र विखुरतो. पांढऱ्या रंगावर हे सहसा लक्षात येत नाही. काळ्यावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात.

बहुतेक ओरखडे धुण्यापुसण्यातूनच पडतात. कोरड्या धुळीवर फडका फिरवण्याची सर्रास आढळणारी सवय त्यास विशेष कारणीभूत आहे. म्हणून प्रथम भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ देतात. नंतर दोन बादल्या घेतात, एकीत शाम्पूचे पाणी व दुसरीत फडका खळबळण्यासाठी साधे पाणी. चिकटलेले कण क्ले बार या मातीसदृश वडीने, पृष्ठभाग ओला व निसरडा ठेवून काढतात.

पॉलिश व मेण यांत अनेकदा गल्लत होते. पॉलिशमध्ये अपघर्षक कण असतात, त्यामुळे दर वेळी क्लिअर कोट थोडा झिजतो. त्याची जाडी साधारणतः ३५ ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे केसाहूनही कमी असते आणि झिजलेला थर पुन्हा रंगकाम केल्याशिवाय भरून येत नाही. नखाला लागणारा खोल ओरखडा त्यामुळे घासून काढण्याचा प्रयत्न करू नये. हे काम सावलीत, पत्रा थंड असताना, लहान लहान भागांत करतात. कडांवर थर पातळ असल्याने तेथे दाब कमी ठेवतात.

शेवटी कार्नोबा मेण अगदी पातळ लावून मायक्रोफायबरच्या कापडाने पुसतात. हे मेण ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. त्याने सूक्ष्म ओरखडे काही काळ झाकले जातात. मेण धुऊन गेले की ते पुन्हा दिसू लागतात.