युवा मंडळ आणि गोटुल : कुमारवयीन मुले कुठे टिकतात?

१/ चर्चचे युवा मंडळ असो वा गावचे भजनी मंडळ, वडीलधाऱ्यांची तक्रार एकच : बारा-तेराव्या वर्षापर्यंत मुले येतात, मग गळतात. या तक्रारीला इतिहासात दोन उल्लेखनीय उत्तरे मिळाली. एक अमेरिकेत, दुसरे आपल्या जंगलात.

२/ २ फेब्रुवारी १८८१. मेन राज्यातील पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकाने चर्चमधील तरुण मुलामुलींना घरी बोलावले आणि ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ ही संस्था स्थापली. अट कडक होती : दर आठवड्याच्या सभेत प्रत्येकाने काहीतरी बोललेच पाहिजे, नुसते गाणे पुरे नाही. समित्याही मुलांनीच चालवायच्या. अशा अटीने मुले पळतील असे कोणालाही वाटेल. उलट काही वर्षांतच ही चळवळ जगभर पसरली.

३/ दुसऱ्या उत्तराची नोंद केली ती चर्चमधूनच आलेल्या माणसाने. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात धर्मगुरू म्हणून आले. १९३२ मध्ये मराठी ख्रिस्ती कुटुंबातील शामराव हिवाळे यांच्यासह ते मैकल डोंगरातील गोंडांत राहू लागले. नागपूरचे बिशप अलेक्झांडर वूड यांनी सरकारनिष्ठेची शपथ मागितली, एल्विन यांनी ती नाकारली. हे वूड पूर्वी आपल्या चांद्यातच मिशनरी होते! १९३५ मध्ये एल्विन यांनी चर्चचा निरोप घेतला.

४/ पुढे बस्तरच्या मुरिया गोंडांत त्यांनी गोटुल अभ्यासले. तो ग्रंथ १९४७ मध्ये आला. गोटुल म्हणजे केवळ नाचगाण्याचे घर नव्हे, जरी शहरी वाचकाने तेवढेच उचलले. चेलिक (मुलगे) आणि मोटियारी (मुली) यांना तिथे पदे असत. झाडलोट, सरपण, लग्नातील राबणूक, सारे वाटून दिलेले. सरपण न आणणाऱ्यास दंड, आणि तो ठरवणारी मुलेच. वडीलधारी सहसा मध्ये पडत नसत. एल्विन यांनी या जगाचे चित्र जरा अधिकच गोड रंगवले, हे मान्य करूनही कामाच्या या तपशिलाचे मोल कमी होत नाही.

५/ पोंभुर्ण्याच्या पूर्वेला वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा. तिथल्या माडियांचे गोटुल मुरियांहून वेगळे : गावाची बैठक आणि पाहुण्यांचा मुक्कामही तिथेच.

६/ क्लार्क आणि लिंगो (मुरिया ज्याला गोटुलाचा संस्थापक मानतात) यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. तरी दोन्हीकडे मुलांना प्रेक्षक म्हणून बसवलेले नाही. काम अडेल अशी जबाबदारी दिलेली आहे. आजची बहुतेक युवा मंडळे सहल आणि स्पर्धा देतात, हिशेबाची वही मात्र मोठ्यांकडेच ठेवतात.

७/ आणखी एक अडचण क्लार्कपुढे नव्हती. गोटुलाच्या वयाची कितीतरी मुले आज वर्षातील बहुतेक महिने आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात. चर्चमधील मुलेही दहावीनंतर चंद्रपूर-नागपूर गाठतात. गावात मंडळ चालवायचे तर ते दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतच.