नासागुहेतील लिम्फोमा : प्रतिमानिदान

लसीकापेशींपासून नाकाच्या पोकळीत उद्भवणाऱ्या कर्करोगाचा ठाव, विस्तार व उपचारांना मिळणारा प्रतिसाद सीटी, एमआरआय आणि पेट-सीटी या तपासण्यांनी ठरवण्याची पद्धत. हा रोग विरळ आहे. त्याचा एनके/टी-पेशी प्रकार एपस्टीन-बार विषाणूशी निगडित असून पूर्व आशिया व लॅटिन अमेरिकेत तुलनेने अधिक आढळतो. सायनसांमध्ये बी-पेशींचा प्रकारही दिसतो.

एका बाजूचे नाक चोंदणे, रक्तमिश्रित स्राव, चेहऱ्यावर सूज ही लक्षणे जुनाट सर्दीसारखीच असल्याने निदान लांबते. साध्या एक्स-रेमध्ये सायनस नुसता धूसर दिसतो. त्यावरून सूज आणि गाठ वेगळी ओळखता येत नाही.

सीटी : हाडांचे बारकावे यात उत्तम दिसतात. नाकाच्या पडद्याला पडलेले छिद्र, टाळूची किंवा नेत्रगुहेच्या भिंतीची झीज यातून कळते.

एमआरआय : सायनसमध्ये साचलेला स्राव टी-२ प्रतिमेत बहुधा पांढराशुभ्र, तर पेशींनी दाटलेली गाठ मध्यम छटेची दिसते. गाठीत पाण्याच्या रेणूंची हालचाल अडते, हे विसरण-प्रतिमेत उमटते. गाठीची खरी हद्द यामुळे आखता येते.

पेट-सीटी : एफडीजी हे किरणोत्सारी शर्करासदृश द्रव्य शिरेतून देऊन सर्व शरीर तपासतात. दूरच्या लसीकाग्रंथी, त्वचा वा अन्य अवयवांतील प्रसार त्यात सापडतो. उपचारानंतर द्रव्याचे ग्रहण यकृताशी ताडून डोव्हिलच्या पाच टप्प्यांच्या मापनाने प्रतिसाद ठरवतात.

मर्यादा : क्षयरोग, बुरशीजन्य रोग आणि अन्य कर्करोगही अशाच प्रतिमा दाखवू शकतात. मुंबईतील गोवंडी महापालिकेच्या ज्या एम-पूर्व विभागात येते तेथे क्षयरोगाचे ओझे मोठे आहे आणि २०२१ मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची साथ अनुभवली. म्हणून येथे हा भेद काटेकोरपणे पाहावा लागतो. अंतिम निदान बायोप्सीनेच होते. गाठीचा बराच भाग मृत असल्यास तेथून घेतलेला नमुना निरुपयोगी ठरू शकतो. म्हणून जिवंत पेशींची जागा दाखवणे हे प्रतिमांचे मोलाचे काम आहे.

मुंबईतील सोयी : गोवंडीत महापालिकेचे शताब्दी रुग्णालय आहे, तर कर्करोगाच्या सखोल तपासणीसाठी परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) आहे. गोवंडीलगतच्या तुर्भे (ट्रॉम्बे) येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये परळला विकिरण वैद्यक केंद्र उभारले. तेथे २००२ मध्ये भारतातील पहिली पेट यंत्रणा सुरू झाली. एफडीजीमधील फ्लोरिन-१८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ११० मिनिटांचाच असल्याने ते जवळच्या सायक्लोट्रॉनमध्ये तयार करून लगेच वापरावे लागते.

एकाच बाजूचा त्रास औषधांनी न हटल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासणी व पाठोपाठ सीटी किंवा एमआरआय करून घ्यावे. रोग नाकापुरता मर्यादित असताना सापडल्यास किरणोपचार व रसायनोपचारांनी बरा होण्याची शक्यता बरीच वाढते.